दुसरा रँग्लर

रँग्लर हा शब्द मराठी माणसाने कधीच आपलासा करून टाकला आहे. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि हा शब्द आपल्याकडे नावाच्या आधी लागू लागला. मुर्डीसारख्या कोकणातल्या लहानशा गावातून आलेला आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेला मुलगा साहेबाच्या देशात जाऊन साहेबालाच गणितात मागे टाकतो, याचे अप्रूप त्या पिढीला फार होते आणि ते असणे साहजिकही होते. त्या वर्षी पेंब्रोक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल हाही परांजप्यांच्या बरोबरीने पहिला होता, हे मात्र आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असते. पहिल्या क्रमांकाचे असेच असते. तिथे दोघांना जागा आहे हेसुद्धा लोकांना फारसे रुचत नाही. मग दुसऱ्या क्रमांकाला कोण विचारतो?

निकालाचे दिवस आले की घरोघरी एक विशिष्ट प्रकारचे दुःख पाहायला मिळते. नापास झालेल्याचे दुःख निराळे. ते मोठे असते, पण त्याला निदान शेजारपाजारची सहानुभूती मिळते. ज्याचा फर्स्ट क्लास दोन-चार गुणांनी हुकला, ज्याचे पारितोषिक एका प्रश्नापायी दुसऱ्याकडे गेले, त्याचे दुःख सांगताही येत नाही. चांगले तर झाले की, असे म्हणून लोक पेढा तोंडात टाकतात आणि निघून जातात. आणि तो मुलगा मात्र रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तोच पेपर पुन्हा पुन्हा सोडवत राहतो. अशाच एका मुलाची ही हकीकत आहे. तो १८४५ च्या जानेवारीत केंब्रिजला दुसरा आला. त्याचे नाव विल्यम थॉमसन. पुढे जग त्याला लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागले.

त्याचा पहिला नंबर हुकला याचे एवढे काय, हे कळायचे तर आधी त्याच्या वडिलांकडे पाहायला हवे. जेम्स थॉमसन हे आयर्लंडमधल्या बॅलिनाहिंचजवळच्या एका छोट्या शेतकऱ्याचे पोर. गणित ते बव्हंशी स्वतःच्या बळावर शिकले. पोटासाठी शाळेत शिकवायचे आणि वर्षातले सहा महिने समुद्र ओलांडून ग्लासगो विद्यापीठात शिकायला जायचे, असा क्रम त्यांनी काही वर्षे चालवला. मग बेलफास्टला गणिताचे शिक्षक झाले, पाठ्यपुस्तके लिहिली आणि १८३२ मध्ये ज्या ग्लासगोत ते विद्यार्थी म्हणून जात, तिथेच गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विल्यमचा जन्म २६ जून १८२४ चा, बेलफास्टमधला. आई १८३० मध्येच गेली. त्यानंतर या गृहस्थांनी मुलांना स्वतः शिकवून वाढवले. विल्यमला आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या जेम्सला त्यांनी शाळेत घातलेच नाही. १८३४ मध्ये दोघांची नावे एकदमच ग्लासगो विद्यापीठात घातली. विल्यम तेव्हा दहा वर्षांचा होता!

त्या काळी स्कॉटलंडच्या विद्यापीठांत लहान वयाची मुले असत, तरीही दहा हे वय कमीच. बक्षिसे जाहीर होत तेव्हा अनेक वर्गांत विल्यम पहिला आणि जेम्स दुसरा असे घडे. दुसऱ्या क्रमांकाशी त्या घरात परिचय असलाच तर तो बिचाऱ्या जेम्सचा. पंधराव्या वर्षी विल्यमने पृथ्वीच्या आकारावर मोठा निबंध लिहून विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले. १८४० च्या मे महिन्यात त्याने फूरियेचा उष्णतेच्या गणिती सिद्धान्तावरचा फ्रेंच ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणला आणि पंधरा दिवसांत पचवला. त्याच उन्हाळ्यात वडील सगळ्या मुलांना घेऊन जर्मनीला गेले. मुलांनी इतर पुस्तके बाजूला ठेवून फक्त जर्मन भाषा शिकावी, असा त्यांचा दंडक होता. विल्यम तळघरात जाऊन चोरून फूरिये वाचत असे. चोरून कादंबऱ्या वाचणारी मुले आपण पुष्कळ पाहिली आहेत. चोरून गणित वाचणारा मुलगा वडिलांना सापडला तर ते त्याला रागावणार तरी किती?

फूरियेचे गणित चुकीचे आहे असे एडिंबरोच्या केलंड या प्राध्यापकाने एका पुस्तकात म्हटले होते. विल्यमने ते वाचले आणि चूक फूरियेची नसून प्राध्यापकमजकुरांची आहे असे दाखवणारा लेख लिहिला. वडिलांनी तो केंब्रिजच्या गणिती नियतकालिकाकडे धाडला. १८४१ मध्ये तो पी. क्यू. आर. अशा तीन अक्षरांच्या आड छापून आला. लेखक सोळा वर्षांचा होता आणि अजून केंब्रिजला पोचायचा होता.

अशा मुलाला १८४१ च्या शरद ऋतूत केंब्रिजच्या पीटरहाऊस कॉलेजात धाडले, तेव्हा तो सीनियर रँग्लर होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. आता ही परीक्षा काय होती ते थोडे सांगायला हवे. गणित ट्रायपॉसचा निकाल नुसत्या वर्गांत लागत नसे. पहिल्या वर्गातल्या मुलांना रँग्लर म्हणत, त्याखाली सीनियर ऑप्टिम आणि ज्युनियर ऑप्टिम. आणि या सर्वांची एकापुढे एक अशी क्रमवार यादी लागे. सर्वांत वरचा तो सीनियर रँग्लर. सर्वांत खालच्याला लाकडी चमचा देण्याची प्रथा होती! सीनियर रँग्लर कोण होणार यावर केंब्रिजमध्ये पैजा लागत. ज्याला हा मान मिळे त्याला कॉलेजची फेलोशिप जवळजवळ निश्चित, आणि पुढे धर्मपीठ असो, न्यायपीठ असो वा प्राध्यापकी, सगळी दारे उघडी. देशभर वर्तमानपत्रांत नाव छापून येई ते वेगळेच.

आणि इथे खासगी क्लास होते. क्लासचे पेव आपल्याकडेच फुटले असे समजणाऱ्यांनी केंब्रिजचा इतिहास अवश्य वाचावा. कॉलेजातल्या व्याख्यानांवर कुणाचा भरवसा नसे. ज्याला वर यायचे तो खासगी शिकवणी लावी. या शिकवणीवाल्यांचा राजा होता विल्यम हॉपकिन्स. लग्न झालेले असल्याने त्याला तेव्हाच्या नियमाप्रमाणे फेलो होता येत नव्हते, म्हणून त्याने शिकवण्यांचा व्यवसाय पत्करला आणि तो असा चालवला की १८४९ पर्यंत त्याच्या हाताखालून पावणेदोनशेच्या आसपास रँग्लर बाहेर पडले. त्यांत सतरा सीनियर होते. स्टोक्स त्याचाच विद्यार्थी आणि केलीही त्याचाच. तो स्वतः मात्र १८२७ मध्ये सातवा आला होता. क्लासवाल्यांची ही परंपरासुद्धा जुनीच म्हणायची!

हॉपकिन्सने विल्यमला पाहिले आणि हिरा हाती लागल्याचे ओळखले. अडचण एवढीच होती की हा हिरा घासून घ्यायला फारसा तयार नव्हता. ट्रायपॉसच्या तयारीत पाठांतराचा भाग मोठा. ठरावीक प्रमेये, ठरावीक सिद्धता, त्या भराभर आणि बिनचूक कागदावर उतरवायच्या. मग त्यावर आधारलेली कूट उदाहरणे. लेखणीला वेग लागे, आणि तो रोजच्या सरावाने येई. विल्यमला नवे काही सुचले की हातातला सराव बाजूला पडे. पदवी मिळण्याआधी त्याचे डझनभर लेख छापून आले होते. उष्णतेचे वहन आणि विजेचे आकर्षण यांचे गणित एकच आहे, ही पुढे मॅक्सवेलला वाट दाखवणारी कल्पना त्याने पदवीपूर्व काळातच मांडली होती. परीक्षेच्या दृष्टीने याला शून्य गुण!

शिवाय होडी होती. पहिल्याच वर्षी त्याने एका मित्राबरोबर भागीदारीत एक होडी विकत घेतली. ग्लासगोत वडिलांना हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. खर्चाचा हिशेब मुलाने नियमित पाठवावा अशी त्यांची शिस्त होती, आणि होडी म्हणजे उडाणटप्पू श्रीमंत पोरांची संगत असा त्यांचा समज होता. विल्यमने आणि त्याच्या बहिणींनी लांबलचक पत्रे लिहून त्यांची समजूत घातली. १८४३ च्या शरद ऋतूत त्याने एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीतली कोल्हून चषकाची चांदीची वल्ही जिंकली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये संगीत मंडळ स्थापन झाले, त्यातही हा होता. तिथे तो फुंकवाद्य वाजवी. त्या वर्षाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. होडीच्या नादात आठवडेच्या आठवडे फुकट गेले, अशी हळहळ तीत आहे. लगेच पुढे पुन्हा नदीवर गेल्याची नोंदही आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाची रोजनिशी अशीच असायची.

वडिलांना घोर लागला होता त्याचे खरे कारण होडी नव्हते. ग्लासगोतले नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे, म्हणजे आजच्या भाषेत भौतिकशास्त्राचे, प्राध्यापक मिकलहॅम वृद्ध होते आणि १८३९ पासून आजारी होते. ही जागा रिकामी होईल तेव्हा ती विल्यमला मिळावी असे वडिलांनी मनाशी धरले होते आणि त्यासाठी ते सहकाऱ्यांची मने हळूहळू वळवत होते. या खटपटीला वशिला म्हणता येईल का? येईल, पण त्या काळी सगळ्याच नेमणुका अशा होत. अडचण अशी होती की मुलगा नुसता कागदावरचा गणिती आहे, पोरांना प्रयोग करून दाखवणे त्याला जमणार नाही, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. आणि वय तर अवघे विशीचे. अशा वेळी सीनियर रँग्लर ही दोन अक्षरे फार उपयोगी पडली असती. समितीत बसणाऱ्या सगळ्यांनाच उष्णतावहनाचे लेख कळत नसतात. पहिला आला की नाही, हे मात्र सगळ्यांना कळते. मिकलहॅम फार लवकर जाऊ नयेत आणि मुलगा पहिला यावा, अशा दुहेरी धास्तीत त्या बापाने ती तीन-चार वर्षे काढली.

१८४४ च्या उन्हाळ्यात हॉपकिन्स निवडक मुलांना घेऊन नॉर्फकच्या किनाऱ्यावर क्रोमर गावी गेला. शेवटची घोकंपट्टी तिथे झाली. विल्यमही मान खाली घालून बसला. केंब्रिजमध्ये त्याच्या नावाचा बोलबाला होता. सेंट जॉन्स कॉलेजात स्टीफन पार्किन्सन नावाचा एक विद्यार्थी आहे आणि तो झपाट्याने पेपर लिहितो, अशी कुजबुजही होती, पण पीटरहाऊसवाल्यांनी ती मनावर घेतली नसावी.

परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सेनेट हाऊसमध्ये. सहा दिवस. इमारत भव्य आणि दगडी, आणि ऐन हिवाळ्यात गरम ठेवण्याची सोय नाही. बोटे गारठलेली असताना प्रमेयांमागून प्रमेये उतरवायची. पहिल्या दोन दिवसांचे पेपर मुख्यतः पाठ्यपुस्तकातल्या सिद्धतांचे होते. पार्किन्सनने बाजी मारली ती इथे. त्याची लेखणी कुठे थांबलीच नाही. नंतरच्या दिवसांत, जिथे डोके चालवायचे होते तिथे, थॉमसन चमकला, पण गेलेले अंतर भरून निघाले नाही. एका पेपरात त्याला एक उदाहरण इतके आवडले, की त्याच्या नादात बहुतेक सगळा वेळ गेला, असेही सांगतात. फिरता पदार्थ सपाट पृष्ठभागावर सोडला तर काय होईल, अशा धर्तीचे ते उदाहरण होते. सरळ वाटेने गेले तर ते चटकन सुटणारे होते. हा आडवाटेने गेला. शिकवणाऱ्या माणसाला असे विद्यार्थी नेमके ठाऊक असतात. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना हसावे की रडावे ते कळत नाही.

दुसरी एक कथा अशी, की एका प्रश्नाचे उत्तर पार्किन्सन आणि थॉमसन दोघांच्याही पेपरांत जवळजवळ शब्दशः सारखे आले. परीक्षकांना संशय आला. पार्किन्सनला विचारले तर त्याने सांगितले, की गणिती नियतकालिकातल्या एका लेखात ही रीत होती, ती त्याने लक्षात ठेवली होती. थॉमसनला विचारले तेव्हा कळले, की तो लेख त्यानेच लिहिला होता! आपलीच रीत त्याने तिथे बसून नव्याने शोधून काढली, पाठ करणाऱ्याने ती आधीच उतरवलेली होती. कथा रंगवलेली असण्याचा संभव आहे. पण त्या दोघांच्या स्वभावांतला फरक ती नेमका पकडते, म्हणून ती टिकून राहिली.

निकाल लागला. पहिला पार्किन्सन, दुसरा थॉमसन.

याबाबतची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आजही पुस्तकांतून फिरते. निकालाच्या सकाळी थॉमसन इतका निःशंक होता, की त्याने नोकराला दुसरा कोण आला तेवढे पाहून यायला पाठवले, आणि नोकराने परत येऊन तुम्हीच, असे सांगितले. मला ही आख्यायिका पटत नाही. ती फारच घोटीव आहे, आणि नोकराला एवढे विनोदाचे अंग होते असे मानायला आधार नाही. शिवाय या मुलाला परीक्षेच्या दिवसांतच पहिल्या दोन पेपरांचा अंदाज आला नसेल हे संभवत नाही. पेपर कसा गेला हे ज्याचे त्याला कळते.

ग्लासगोच्या घरात मात्र निराशा झाली. वडिलांनी मनात जे इमले बांधले होते त्यांतला एक मजला कोसळला. विल्यमने हे बाहेरून तरी शांतपणे घेतले. आत काय चालले होते, याचा सुगावा एवढ्यावरूनच लागतो, की पुढे पन्नासएक वर्षांनी जगभर कीर्ती झालेली असतानाही तो पेपर आणि ते उदाहरण तो विसरला नव्हता.

एका परीक्षकाचे मत लक्षात ठेवण्याजोगे आहे. रॉबर्ट लेस्ली एलिस हा स्वतः १८४० चा सीनियर रँग्लर. थॉमसनची उत्तरपत्रिका वाचून तो आपल्या सहपरीक्षकाला म्हणाला, की आपली दोघांची लायकी फार तर या मुलाच्या लेखण्यांना टोके काढून देण्याची आहे. असे म्हणूनही त्यांनी गुण दिले ते नियमाप्रमाणेच, आणि क्रमांक दुसराच राहिला. यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. ठराविक वेळात, ठराविक अभ्यासक्रमावर कोण अधिक लिहितो हे ती परीक्षा मोजत होती, आणि त्या मोजणीत पार्किन्सन खरोखरच पुढे होता. त्याने त्यासाठी मेहनत केली होती. होडीत बसून चांदीची वल्ही जिंकणाऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता, आणि थॉमसनने ते दाखवलेही नाही.

ट्रायपॉसनंतर काही दिवसांतच स्मिथ पारितोषिकाची परीक्षा असे. ती केवळ अव्वल मुलांसाठी, आणि तिच्यात पाठांतरापेक्षा उंच गणिताला वाव. तिथे क्रम उलटला. थॉमसन पहिला, पार्किन्सन दुसरा. गुणवंतांच्या जगात यामुळे हिशेब चुकता झाला. बाहेरच्या जगात नाही. ट्रायपॉसची यादी वर्तमानपत्रांत छापून यायची, स्मिथ पारितोषिकाचे नाव मोजक्यांना ठाऊक.

पुढे जे घडले त्यातला एक प्रसंग मला या सगळ्या परीक्षांपेक्षा मोठा वाटतो. जॉर्ज ग्रीन या नॉटिंगहॅमच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याने १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर स्वखर्चाने आणि वर्गणीदारांच्या मदतीने एक निबंध छापला होता. तो फारसा कुणी वाचलाच नाही. हाच ग्रीन पुढे चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आला आणि १८३७ मध्ये चौथा रँग्लर झाला. (त्या वर्षी दुसरा आलेला सिल्व्हेस्टर ज्यू होता, म्हणून त्याला पदवीच घेता आली नाही. पहिला आलेला ग्रिफिन आज कुणाला आठवतो?) १८४१ मध्ये ग्रीन वारला. थॉमसनने त्याच्या निबंधाचा उल्लेख कुठेतरी वाचला होता आणि कितीतरी दिवस तो पुस्तकविक्रेत्यांकडे त्याची चौकशी करत होता. निकालानंतर केंब्रिज सोडून पॅरिसला निघायच्या सुमारास त्याने सहज हॉपकिन्सकडे विषय काढला. हॉपकिन्स त्याला आपल्या खोलीत घेऊन गेला आणि निबंधाच्या प्रती काढून हातात ठेवल्या. ज्या खोलीत बसून त्याने तीन वर्षे ट्रायपॉसची उदाहरणे घोटली, तिथेच तो निबंध पडून होता! तो अभ्यासक्रमात नसल्यामुळे शिकवणाऱ्याने काढला नाही आणि शिकणाऱ्यालाही विचारायचे सुचले नाही.

तो निबंध घेऊन, पाचवा रँग्लर आलेला मित्र ह्यू ब्लॅकबर्न याच्यासोबत, तो १८४५ च्या जानेवारीअखेर पॅरिसला गेला. लिऊव्हिलला त्याने तो दाखवला. मग एका संध्याकाळी स्टर्म हा नामांकित गणिती धापा टाकत जिने चढून यांच्या खोलीवर आला, निबंधाची पाने उलटली, आणि आपण शोधलेले एक प्रमेय या गिरणीवाल्याने आपल्या आधीच मांडले होते हे पाहून थक्क झाला. पुढे थॉमसनने हा निबंध बर्लिनच्या क्रेलेच्या नियतकालिकात नव्याने छापून आणला. ग्रीनचे नाव आज गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे, त्याचे मोठे श्रेय या दुसऱ्या रँग्लरला जाते.

पॅरिसला जाण्यामागे वडिलांचा हेतू निराळा होता. मुलाला प्रयोग येत नाहीत हा ग्लासगोतला आक्षेप मिटवायचा होता. म्हणून विल्यम रेनोच्या प्रयोगशाळेत जाऊन नळ्या धरायला, पंप चालवायला, मापे घ्यायला शिकला. वाफेचे आणि उष्णतेचे काटेकोर मोजमाप तेव्हा तिथेच चालले होते. कार्नोच्या उष्णतायंत्रांवरच्या विचारांची ओळखही त्याला पॅरिसमध्येच झाली. कार्नोचे मूळ पुस्तक त्याने पॅरिसभर शोधले, मिळाले नाही. पहिला आला असता तर वडिलांनी त्याला पॅरिसला इतक्या निकडीने पाठवले असते का? कदाचित पाठवले असते. बेत आधीपासूनचा होता. पण दुसरा आल्यामुळे ते टाळता येण्याजोगे राहिले नाही.

१८४६ च्या मे महिन्यात मिकलहॅम वारले. अर्जासोबत केली, बूल, डी मॉर्गन, लिऊव्हिल, रेनो अशांची शिफारसपत्रे गेली. ११ सप्टेंबर १८४६ रोजी ग्लासगोने विल्यम थॉमसनची एकमताने निवड केली. तो बावीस वर्षांचा होता. पहिल्या व्याख्यानाला तो सगळे लिहून घेऊन गेला आणि इतक्या भरभर वाचत सुटला की ते व्याख्यान फसले. सेनेट हाऊसमध्ये जो वेग हवा होता तो इथे, नको त्या ठिकाणी आला! वडील त्याला प्राध्यापकाच्या झग्यात सुमारे अडीच वर्षे पाहू शकले. जानेवारी १८४९ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत ते गेले. त्यांच्या गणिताच्या जागेवर ब्लॅकबर्न आला.

त्यानंतरचे आयुष्य शाळकरी मुलांनाही तुकड्यातुकड्यांनी माहीत असते. १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना, जिच्या मापाला आज केल्विन म्हणतात. १८५१ मध्ये ऊष्मागतिकीचा दुसरा नियम, जूलबरोबरचे प्रयोग. मग अटलांटिकखालची तार. १८५८ मध्ये टाकलेली तार कंपनीच्या वीजतज्ज्ञाने प्रचंड दाबाचा प्रवाह सोडून काही आठवड्यांत मारून टाकली. थॉमसनचे म्हणणे होते, की प्रवाह मंद ठेवा आणि तो टिपणारे यंत्र नाजूक करा, आणि तसे आरशाचे यंत्र त्याने स्वतः बनवले होते. १८६५ मध्ये तार भर समुद्रात तुटली. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजावरून काम फत्ते झाले, आणि त्याला सर ही पदवी मिळाली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांच्यामधली तार टाकली. होडीचा नाद सुटला नाहीच. त्याच वर्षी त्याने एकशेसव्वीस टनांचे शिडाचे जहाज घेतले. समुद्रावर राहूनच त्याने होकायंत्र सुधारले आणि खोली मोजण्याचे यंत्र केले.

चुकाही मोठ्या झाल्या. तरुणपणी चोरून वाचलेल्या फूरियेच्याच गणिताने त्याने १८६२ मध्ये पृथ्वीचे वय काढले. दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे. पुढे तर ते तो दोन ते चार कोटींवर आणू लागला. भूगर्भशास्त्रज्ञ आणि डार्विन यांना या आकड्याने बेजार केले. १८९५ मध्ये त्याचाच जुना सहायक जॉन पेरी याने दाखवून दिले, की पृथ्वीच्या आतील उष्णता सर्वत्र सारखीच वाहते हे गृहीतच डळमळीत आहे. केल्विन बधला नाही. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात. गणित बिनचूक होते, उदाहरणच चुकीचे मांडले होते.

आणि पार्किन्सन? तो सेंट जॉन्समध्येच राहिला. फेलो झाला, उत्तम शिक्षक म्हणून नावाजला. त्याने यामिकी आणि प्रकाशशास्त्र यांवर पाठ्यपुस्तके लिहिली, ती पिढ्यांनी वापरली. १८७० मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि जानेवारी १८८९ मध्ये वारला. त्याचे नाव आज केवळ थॉमसनच्या पुढे लागलेला म्हणून घेतले जाते, हे काही फारसे न्यायाचे नाही. दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच कॉलेजातून आपले परांजपे सीनियर रँग्लर झाले.

दुसरे आलेल्यांची यादी लांब आहे. मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरा. अर्थशास्त्रज्ञ मार्शल १८६५ मध्ये दुसरा. इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसन १८८० मध्ये दुसरा. यावरून काही लोक पहिल्यांची टिंगल करतात. तीही खोटी आहे. हर्शेल, एअरी, स्टोक्स, केली, रॅले हे सगळे पहिलेच होते. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवार यादी लावणेच बंद केले.

१८९६ मध्ये ग्लासगोत त्याच्या प्राध्यापकीचा सुवर्णमहोत्सव झाला. देशोदेशीचे विद्वान जमले होते. उत्तरादाखल केलेल्या भाषणात त्याने पंचावन्न वर्षांच्या आपल्या धडपडीचे वर्णन एका शब्दात केले, आणि तो शब्द अपयश हा होता. विद्युत्, चुंबकत्व आणि ईथर यांचा परस्परसंबंध आपल्याला पहिल्या वर्षी जेवढा कळत होता त्यापेक्षा आज अधिक कळत नाही, असे त्याचे म्हणणे. ट्रायपॉसचा त्यात उल्लेख नव्हता. श्रोत्यांना तो शब्द विनयाचा वाटला. त्याला तो तसा अभिप्रेत असावा असे दिसत नाही.

१८९९ मध्ये, त्रेपन्न वर्षांच्या नोकरीनंतर, तो निवृत्त झाला. तेव्हा तो लॉर्ड होता. संपत्ती आणि मानसन्मान यांना तोटा नव्हता. त्याच वर्षी त्याने ग्लासगो विद्यापीठाच्या पटावर संशोधक विद्यार्थी म्हणून आपले नाव पुन्हा घातले. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्जच्या घरी तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याला न्यूटनशेजारी पुरले आहे.